कोटमास्तरांनी शिवलेलं छप्पर

देवराज मोहल्ल्यातल्या शिंप्यांच्या गल्लीत गुंडेरावांचं दुकान डाव्या हाताला आणि मनोहररावांचं उजव्या. मध्ये दोन स्कूटर जेमतेम निघतील एवढा रस्ता. मशीनवर मान खाली घालून बसलं की समोर काय चाललंय ते दिसत नाही, म्हणून गुंडेराव मान खाली घालून फार वेळ बसतच नसत. चाळीस वर्षं हा माणूस समोर बघत बघत शिवत आला. तरी टीप वाकडी गेली नाही, एवढं मात्र कुणीही कबूल करील.

त्यांच्या पाटीवर 'कुशन वर्क्स' असं लिहिलेलं. स्कूटरच्या सीटा, सोफ्याच्या गाद्या ही वरकड कामं. खरं काम हुडाचं. आधी टांग्यांची छतं, टांगे कमी झाले तशी ऑटोरिक्षांची. हिनकलपासून कुवेंपुनगरपर्यंत कुठल्याही चौकात उभं राहावं, येणाऱ्या दहा ऑटोंपैकी तीन-चार गुंडेरावांच्या हाताखालून गेलेल्या. पावसात टपटप नाही, वाऱ्यात फडफड नाही. ऑटोवाले म्हणायचे, गुंडण्णाच्या हुडावर बोटानं वाजवलं तर तबल्यासारखा बोलतो.

पण ऑटोच्या हुडाचं कौतुक कोण करतो? माणूस आत बसतो, उतरतो, निघून जातो.

समोर मनोहरराव कोट शिवत. अख्खी गल्ली त्यांना कोटमास्तर म्हणे. लग्नाचा कोट, कॉलेजच्या प्राध्यापकाचा निवृत्तीचा कोट, परदेशी निघालेल्या पोराचा पहिला कोट. गिऱ्हाईक आरशासमोर उभं राहून स्वतःकडे बघे आणि मग वळून मनोहररावांकडे बघे. ते वळून बघणं गुंडेरावांना रस्त्याच्या अलीकडून दिसे आणि हातातलं दाभण रेक्झिनमध्ये जरा जास्तच जोरानं घुसे.

मनोहर हा त्यांच्या सख्ख्या आत्याचा मुलगा. शिवाय धाकटी बहीण भाग्या त्यालाच दिलेली, आमच्या इकडच्या रीतीनं. म्हणजे नातं दोनदा शिवलेलं, उसवायची सोय नाही. दोघं लहानपणी एकाच मशीनपाशी शिकले, गुंडेरावांच्या वडिलांच्या हाताखाली. वडिलांना सगळे आप्पा म्हणत. एक दिवस आप्पांनी दोघांनी जोडलेल्या बाह्या शेजारी शेजारी ठेवल्या, दोन्हींच्या शिवणीवरून नख फिरवलं आणि म्हणाले, "गुंडा, तुझा हात दणकट आहे रे. दणकट हाताला दणकट काम बघायला पाहिजे." दुसऱ्या दिवशी गुंडेरावांना टांगा स्टँडवर हुडवाल्याकडे पोचवून आले. आप्पा रागानं बोलले नव्हते, हेच वाईट झालं. रागाचं बोलणं माणूस विसरतो. आणि आप्पा गेल्यावर त्यांची पितळी मुठीची कात्री मनोहरच्या टेबलावर दिसू लागली. ती तिथं कशी गेली हे कुणी गुंडेरावांना सांगितलं नाही, त्यांनीही विचारलं नाही.

तेव्हापासून मनोहरचं काहीही त्यांना सलायचं. चहावाला आधी समोर चहा देतो. साठी आली तरी मनोहरचे केस काळे. विठ्ठलाच्या देवळात आरतीचं तबक त्याच्याकडे आधी येतं. ह्यातलं एकही ते तोंडानं बोलत नसत. बायकोला, शांताक्काला, मात्र ताटावर बसल्या बसल्या कळे. भात कालवताना नवऱ्याची बोटं थांबली की ती विचारी, "आज काय शिवलं मनोहरनं?"

ह्या वर्षी ऑगस्टात गल्लीत तिरुमलराव आले. कुवेंपुनगरातले, सर्वे खात्यातून निवृत्त झालेले, घरी आपल्यासारखंच मराठी बोलणारे. त्यांच्या वडिलांची एकोणीसशे सदतीस सालची मॉरिस गाडी वीस वर्षं हिनकलच्या एका शेडमध्ये पडून होती. तिथल्याच मेकॅनिककडून त्यांनी इंजिन चालू करून घेतलं, पत्रा घासून रंग मारून घेतला. राहिलं होतं ते छप्पर. कापडाचं, लाकडी कमानींवर ताणून बसवलेलं, मागे घडी करून ठेवता येणारं. जुनं कापड उंदरांनी आणि उन्हानं मिळून खाल्लं होतं.

तिरुमलराव आधी डावीकडेच थांबले. गुंडेराव उठून उभे राहिले. जुन्या गाडीचं छप्पर म्हणजे हूडच की. तीन कमानी, पुढे काचेच्या चौकटीला दोन चाप, मागे बॉडीला खिळे. सगळं ऐकता ऐकता त्यांनी मनात कापड उलगडलंसुद्धा होतं.

"तुम्ही ऑटोचं करता, अल्वा, हो ना?" तिरुमलरावांनी विचारलं.

"हो सर. हुडाचं काम चाळीस वर्षं."

"छान, छान." तिरुमलरावांनी भिंतीवर लटकलेल्या पिवळ्या-काळ्या रेक्झिनकडे बघितलं. "ही माझ्या वडिलांची गाडी आहे हो. तिला ऑटोसारखं दिसून नाही चालणार. फिनिशिंग पाहिजे. ते कोटमास्तर म्हणतात ते समोरचेच ना?"

आणि रस्ता ओलांडून गेले. एवढंच. चार पावलं.

त्या रात्री शांताक्कानं विचारलं नाही. गल्लीतल्या बायकांकडून तिला दुपारीच कळलं होतं. तिनं फक्त ताटात भातावरचं सारू जास्त वाढलं.

"कोट शिवणारा माणूस छप्पर शिवणार," गुंडेराव म्हणाले. "उद्या छत्र्या शिवील. परवा मांडव."

"तुम्हाला नाही दिलं म्हणून काय झालं. सुम्ने जेवा, गुपचूप."

"मला काय त्याचं? मला वेळ तरी आहे का?"

"तेच म्हणते मी," शांताक्का म्हणाली.

आठवडाभरानं संध्याकाळी मनोहर रस्ता ओलांडून आला. गळ्यात टेप, हातात वही. आत येऊन गादीच्या कापसाच्या ढिगावर बसला. तिथं लहानपणी दोघं बसायचे.

"गुंडण्णा, एक विचारायचं होतं."

"विचार की."

"कापड आणलंय. जाड सुती कॅनव्हास, एकदम फर्स्ट क्लास. रात्रभर पाण्यात घातलं, सावलीत वाळवलं, इस्त्री केली. आता कापायचं. कोटाला छातीला मी दोन-तीन इंच लूज सोडतो, माणसाला श्वास घ्यायला लागतो म्हणून. छपराला किती सोडू?"

गुंडेरावांच्या हातातली सुई थांबली. एका प्रश्नात मनोहरनं दोन चुका सांगितल्या होत्या. कोटाचं कापड शिंपी आधी पाण्यातून काढतो, अंगावर आटू नये म्हणून. हुडाचं कापड कोरडं, कोरंच चढवायचं असतं. पहिल्या पावसात ते आटतं आणि कमानींवर आपोआप आवळून बसतं, तबला तिथंच तयार होतो. मनोहरनं तो पाऊस घरातल्या बादलीतच संपवून टाकला होता. आणि लूज? छप्पर श्वास घेत नाही. मापाला माप, उलट अर्धा इंच कमीच. हे टांगा स्टँडवर शिकायला त्यांना दोन वर्षं आणि हुडवाल्याच्या कितीतरी टपल्या लागल्या होत्या.

सांगायला एक वाक्य पुरलं असतं. ते जिभेवर आलंही होतं. तेवढ्यात मनोहर हसून म्हणाला, "तिरुमलराव मला म्हणतात, तुमचा हात लागला म्हणजे काळजी नाही."

"मग मला कशाला विचारतोस?" गुंडेरावांनी सुई पुढे ओढली. "तू कोटमास्तर. तुझ्या हाताला वाटेल तेवढं सोड."

मनोहरनं वही मिटली. मग "सरी, बरं" म्हणून उठला, पँटला लागलेला कापूस झटकला आणि रस्ता ओलांडून गेला. आतल्या खोलीच्या दारात शांताक्का उभी होती. तिला हुडाचं काय कळतं असं गुंडेरावांना वाटत असेल, तर चाळीस वर्षं त्यांच्या हुडांच्या कडा कुणी दुमडून दिल्या हे ते विसरले होते.

"दोन इंच लूज सोडलं तर पाणी साचेल," ती म्हणाली.

"साचू दे."

सप्टेंबरात छप्पर झालं. गल्लीतले सगळे कुवेंपुनगरला बघून आले. एका कन्नड पेपरात फोटो आला, गाडीला टेकून उभे तिरुमलराव आणि बाजूला गळ्यात टेप घातलेला मनोहर. चहावाल्यानं तो कापून किटलीच्या मागे चिकटवला, म्हणजे चहा ओतताना गुंडेरावांना दिसेल असा. त्यानं मुद्दाम केलं नसेल. पण झालं तसं.

शेवटी एका सकाळी गुंडेराव स्कूटर काढून निघाले. शांताक्काला सांगितलं, चामुंडीपुरमला सीटचं माप घ्यायला जातो. स्कूटर गेली ती थेट कुवेंपुनगरला. तिरुमलराव घरी नव्हते, फाटक उघडं होतं. गाडी पोर्चमध्ये. काळपट हिरवा रंग, आणि वर बदामी छप्पर.

गुंडेराव जवळ गेले, चष्मा पुसला आणि कडेची शिवण बघितली.

ती हातशिवण होती. मशीनची टीप आत होती आणि तिच्यावरून, कड झाकणाऱ्या पट्टीला, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत हातानं घातलेले टाके. तांदळाच्या कणीएवढे. एकाच्या अंतरात आणि दुसऱ्याच्या अंतरात केसाचा फरक नाही. मागच्या कोपऱ्यात, जिथं कापड गोलाईवरून वळतं आणि चांगल्या चांगल्यांची चुणी पडते, तिथं चुणी नव्हतीच. टाके कोपऱ्यावरून असे वळले होते की कापड तसंच उगवून आलंय असं वाटावं. गुंडेरावांनी त्या कोपऱ्यावर नख फिरवलं, आप्पा फिरवायचे तसं. नख कुठंच अडकलं नाही.

त्यांना वाटलं होतं, राग येईल. राग आला असता तर बरं झालं असतं. हे आपल्याला जन्मात जमलं नसतं, आणि हे ओळखण्याइतकी नजर मात्र आपल्याला आहे. ऑटोवाल्यांना ती नाही, तिरुमलरावांनाही नाही. ह्या गावात मनोहरचा हात खरा किती मोठा आहे हे पुरतं कळणारा माणूस एकच होता, आणि तो चोरून फाटकातून आत आला होता.

मग त्यांनी अंगठा मधल्या कमानीच्या पुढे कापडावर दाबला. कापड खाली गेलं. अंगठा काढला, तरी खळगा तसाच राहिला. स्कूटरवर परत येताना ते गुणगुणत होते.

आयुधपूजेच्या आदल्या रात्री पाऊस झाला.

आयुधपूजेला आमच्या गल्लीत एकही मशीन चालत नाही. कात्र्या, सुया, टेपा, इस्त्र्या, सगळं पाटावर मांडून हळदकुंकू वाहायचं, मशीनला शेवंतीचा हार, आणि विजयादशमीच्या सकाळपर्यंत कशाला हात लावायचा नाही. कुणी शर्टाचं बटण लावून मागितलं तरी शिंपी हात जोडतो. गुंडेराव नवं धोतर नेसून, खांद्यावर शांताक्कानं आणलेलं जरीकाठी उपरणं टाकून दाभणांना कुंकू लावत होते, तेवढ्यात भाग्या रस्ता ओलांडून आली. पूजेचं ताट तिच्या हातात तसंच.

"अण्णा, तिरुमलरावांचा फोन आलाय ह्यांना. छपरावर पाणी साचलंय म्हणे, झोळी झालीय. नव्या सीटवर गळतंय. अकराला गाडीची पूजा, पाहुणे यायला लागलेत, दुपारी मैदानावर सगळ्या जुन्या गाड्या जमणार. हे नुसते बसलेत. कात्री तर पूजेत."

"मग मी काय करू?"

"तुम्ही चला की बरोबर. ह्यांच्या तोंडाकडे बघवत नाही."

गुंडेराव लगेच निघाले. खरं सांगायचं तर ते मदतीला निघाले नव्हते, बघायला निघाले होते. नव्या धोतरानिशी, उपरण्यानिशी, जसा माणूस लग्नाला निघतो. मनोहरच्या मागे त्याच्याच स्कूटरवर बसून.

पोर्चमध्ये केळीचे खुंट बांधले होते. गाडीच्या चाकांखाली लिंबं, बॉनेटवर हार, बाजूला फोडायचा कोहळा. आणि छप्पर पहिल्या आणि मधल्या कमानीच्या मध्ये असं लोंबलेलं की त्यात एक मूल निजलं असतं. पाणी कुणीतरी मगानं काढलं होतं, पण कापड ओलं होऊन खालीच राहिलं होतं. आठ-दहा पाहुणे कडेला उभे. त्यांच्यापुढे तिरुमलराव, रेशमी शर्टात, चेहरा पडलेला.

"कोटमास्तर, हे काय झालं हो? मी सगळ्यांना तुमचं नाव सांगितलंय."

गुंडेराव केळीच्या खुंटापाशी उभे होते. हीच ती घडी. आता मनोहर म्हणणार, मी गुंडण्णाला विचारलं होतं, त्यानं सांगितलं नाही. म्हणू दे. ते उत्तर तयार ठेवून होते: ऑटोवाल्याला विचारायचं तरी कशाला?

मनोहरनं ओल्या कापडावर हात ठेवला. "चूक माझी आहे, सर. मी कोटासारखं लूज सोडलं. आमच्या गल्लीत हे काम खरं जाणणारे गुंडण्णा आहेत. त्यांना विचारायला गेलो होतो मी, पण नीट विचारलं नाही. अर्धवट विचारून आलो."

गुंडेरावांच्या तयार उत्तराला आता कुणी प्रश्नच विचारणार नव्हतं. चुकीची कबुलीसुद्धा ह्या माणसानं टाक्यासारखी सुबक घातली होती. नख फिरवावं तर कुठं अडकणार नाही. इतकी वर्षं त्याच्या हाताचा हेवा केला, आता त्याच्या जिभेचाही करायचा? आणि ह्यापुढे जन्मभर समोर बघताना मनोहरनं आपल्याला सांभाळून घेतलं हे आठवत बसायचं?

"सर, बाजूला व्हा," ते म्हणाले. "मनोहर, पुढचे दोन चाप उघड. हातानं उघडतात. कात्री कशाला लागते?"

मनोहरनं चाप सोडले. छप्पर पुढून मोकळं झालं. गुंडेरावांनी खांद्यावरचं उपरणं काढलं, त्याची लांब घडी घातली, मग आणखी एक, चार बोटं जाडीची. गाडीत चढले, कापड डोक्यानं वर उचललं आणि ती घडी मधल्या कमानीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत बसवली. टांग्याच्या छताला ते जुन्या गोणपाटाची अशी उशी द्यायचे. कमान चार बोटं उंच झाली.

"आता ओढ. दोघांनी मिळून. तू उजवीकडून. नाजूक नाही रे, बैल ओढल्यासारखं ओढ."

पुढची पट्टी काचेच्या चौकटीला भिडेना. चार बोटं कमी, दोन बोटं कमी. मनोहरच्या कपाळावरचं कुंकू घामानं खाली उतरलं. गुंडेरावांनी पाय डॅशबोर्डला लावला आणि तो दणकट हात, आप्पांनी चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वी नाव ठेवलेला, पट्टीवर टाकला. एक चाप बसला. मग दुसरा.

झोळी गेली. गुंडेरावांनी खाली उतरून कापडावर बोटानं वाजवलं. तबला नव्हे, पण निदान डग्गा.

पाहुण्यांत कुणीतरी टाळी वाजवली. कोहळा फुटला. तिरुमलरावांनी दोघांच्या हातात होळिगेचं, म्हणजे पुरणपोळीचं, एकेक ताट दिलं आणि मग एका पाहुणीला कोपऱ्यातली शिवण दाखवत म्हणाले, "हे टाके बघा. सगळे हातानं. आमचे कोटमास्तर." पाहुणी वाकून बघत राहिली. मधल्या कमानीकडे कुणी बघितलं नाही. तिथं बघण्यासारखं काही नव्हतंच. कापड सरळ होतं, इतकंच.

घरी शांताक्कानं दारातच खांद्याकडे बघितलं. "उपरणं कुठाय?"

"गाडीत राहिलं."

"आणायचं नाही? नवं होतं."

"काढलं की छप्पर पुन्हा खाली बसेल."

तिनं ताट मांडलं. वाढताना म्हणाली, "मनोहरचा फोन होता. उद्या विजयादशमीला मुहूर्तावर कात्री उचलणार म्हणे. छप्पर उसवून दोन इंच काढायचंय. पहिलं माप तुम्ही घ्यावं म्हणतो."

"मला वेळ नाही म्हणून सांग."

शांताक्कानं फोनला हातच लावला नाही. थोड्या वेळानं ते स्वतःच म्हणाले, "सकाळी सहालाच जायला पाहिजे. ऊन चढलं की कापडाचं माप बदलतं. आणि सांग त्याला, पाऊस त्यानं बादलीतच पाजलाय, आता सगळं हातानंच ओढावं लागणार. एकट्याला झेपायचं नाही."

दुसऱ्या दिवशी दोघं दुपारपर्यंत लागले होते. गुंडेरावांनी माप घेतलं आणि खडूची रेघ मारली, मनोहरनं आप्पांच्या कात्रीनं त्या रेघेवर कापलं. गुंडेरावांनी ओढून धरलं, मनोहरनं टाके घातले. मनोहर टाका घालताना गुंडेराव दुसरीकडे बघत. तरी एकदा त्यांची नजर गेलीच आणि सुई कोपऱ्यावरून वळेपर्यंत तिथंच राहिली.

"उपरण्याचं काय करू?" मनोहरनं विचारलं. "धुऊन, इस्त्री करून आणून देतो."

"आतच राहू दे. कमानीला उशी लागतेच. कापडाच्या आत शिवून टाक."

"जरीकाठ आहे, गुंडण्णा."

"शिवून टाक म्हणतो ना."

मनोहरनं शिवून टाकलं. काम संपल्यावर तिरुमलराव म्हणाले, चला, एक फेरी मारू या, तुम्ही दोघं बसा. मनोहर पुढे बसायच्या आधी गाडीभोवती एक चक्कर मारून आपली शिवण बघत आला. गुंडेराव बाहेर थांबले नाहीत. ते आधीच मागच्या सीटवर जाऊन बसले होते. तिथून टाके दिसत नव्हते. डोक्यावर कमानी होत्या, आणि मधल्या कमानीवर, कापडाच्या आत, चार बोटांचा उंचवटा.

गाडी हुणसूर रस्त्याला लागली, वारा आला, आणि गुंडेराव मान वर करून बसले, फडफड ऐकू येते का बघत. येत नव्हती.